निळ्या दोऱ्याची शिवण

मोजकीला मी कामावर ठेवलं ते काही पुण्य कमवायला नाही. माझे डोळे अधू झाले होते म्हणून ठेवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी माझं फार कौतुक केलं आणि मी ते मान हलवत ऐकून घेतलं.

माझं दुकान कपडे दुरुस्तीचं. नवे कपडे मी शिवत नाही. लोक जाड होतात, वाळतात, पोरं उंच होतात, थोरल्याची पँट धाकट्याला येते, ते सगळं माझ्याकडे येतं. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे काउंटर, मागे तीन शिलाई मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल आणि टेबलामागे इस्त्रीवाले काका, जे माझ्याहून चार वर्षांनी लहान असूनही सगळ्या जगाचे काका आहेत. लोकांना वाटतं दुरुस्ती म्हणजे शिवणं. पण अर्धा वेळ जातो उसवण्यात. आधी जुना टाका निघाला पाहिजे, आणि कापडाला ओरखडाही न पडता निघाला पाहिजे. काळ्या कापडावरचा काळा दोरा साठीच्या डोळ्यांना दिसत नाही. त्या वर्षी मी दोन पँटी आणि एक फ्रॉक उसवता उसवता फाडला आणि खापर ब्लेडवर फोडलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

मोजकीची आई माझं जुनं गिऱ्हाईक. आयुष्यभर नर्सचं काम केलेलं, म्हणून निवृत्त झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणतात. एके दिवशी ती कपडे न आणताच आली आणि काउंटरपाशी उभी राहिली. म्हणाली, एक विचारायचंय. मुलगी छत्तीस वर्षांची आहे. स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात ते. सगळं समजतं, वाचते, लिहिते, एकटी येते-जाते. फक्त माणसांचे चेहरे तिला वाचता येत नाहीत आणि आपण जे बोलू ते ती अक्षरशः खरं धरून चालते. पाच ठिकाणी नोकरी केली, पाचही ठिकाणी काढून टाकलं, आणि कारण दर वेळी एकच, की ती वाद घालते. "वाद नाही हो घालत. जे पाहिलं ते सांगते," आई म्हणाली. मग म्हणाली, "माझं हृदय आता भरवशाचं राहिलेलं नाही, बाई. मी गेल्यावर तिला सकाळी उठून जायला एक जागा हवी. बाकी काही नको."

मी काही लगेच विरघळले नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं आणि परीक्षा म्हणून शाळेचा एक जुना कोट तिच्यापुढे टाकला. दोन तास ती मान वर न करता बसली. अख्खी बाही उसवली, दोरा एकसंध निघाला, आणि कापडावर सुईची भोकं तेवढी दिसत होती, तीही ओळीत. मी तोंडात बोट घातलं. ती म्हणाली, "डाव्या बाहीला शिवण दोनदा घातली आहे. आधी कोणीतरी चुकलं होतं." ते कोणीतरी म्हणजे मीच. काकांना इतकं हसू आलं की हातातल्या इस्त्रीखाली एका शर्टाची कॉलर जळता जळता राहिली. मी तिला तिथल्या तिथे उद्यापासून ये म्हणून सांगितलं.

मोजकी हे नाव काकांनी पाडलं, ती बोलायची मोजकं म्हणून. पण तिला विचारून पाडलं. तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, चालेल, बरोबर आहे.

तिच्यासाठी दुकानात थोडे बदल करावे लागले. मशीनच्या आवाजाचा तिला त्रास व्हायचा, म्हणून कानांवर घालायला जाड गाद्यांची झाकणं आणली. बसायची जागा भिंतीकडे तोंड करून. काउंटरवरची घंटी काढली, तेव्हापासून गिऱ्हाइकं खोकतात. काकांचं गाणं बंद झालं, जे मला वीस वर्षांत जमलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठा बदल माझ्या जिभेत करावा लागला. "हे जरा बघ," "तेवढं उरकून टाक," असलं बोलून चालेना. ती विचारायची, काय बघू? तेवढं म्हणजे किती? पहिले दोन दिवस माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या दिवशी मी बसून नीट तीन नियम सांगितले. खडूची रेघ असेल तिथलं उसवायचं. रेघ नसेल तिथे हात लावायचा नाही. रेघ असून काही वेगळं दिसलं, तर मला विचारायचं. तिनं ते एकदा म्हणून दाखवले, आणि त्यानंतर अडीच वर्षांत तिच्या हातून एकही चूक झाली नाही.

आणि ती विचारायची. रेघेत बटण येतंय. इथे कापड विरलंय, उसवलं तर फाटेल. या पँटीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड आहे, माणसाचाही आहे का? एकदा एका कोटाच्या अस्तरात तिला कागद लागला, तो कोणाच्या तरी घराच्या खरेदीखताचा निघाला. आधीच्या पाच मालकांना जो वाद वाटत होता, त्यानं माझं नाक कितीदा तरी वाचवलं. मी येईल त्याला सांगायची, आमच्या मोजकीसारखी नजर शोधून सापडणार नाही. हे ऐकलं की ती मागे न वळता म्हणायची, "माझ्यापेक्षा चांगली नजर असलेली माणसं असतील. तुम्ही सगळ्यांना पाहिलेलं नाही."

मध्यंतरी एका संस्थेची माणसं आली, फोटो काढून गेली आणि मला एक चौकटीतलं प्रशस्तिपत्र पाठवून दिलं. सर्वांना सामावून घेणारं दुकान, असं काहीतरी त्यावर होतं. मी ते काउंटरच्या वर टांगलं. मोजकीनं ते सगळं वाचलं आणि विचारलं, यावर माझं नाव का नाही, काम मी करते. मी म्हटलं, अगं, अशीच पद्धत असते. ती म्हणाली, "बरं." तिचं बरं म्हणजे आपल्यासारखं तोंडदेखलं बरं नव्हे. समोरच्यानं सांगितलं ते तिनं मनात खरं म्हणून मांडून ठेवलं, असा त्याचा अर्थ.

अडीच वर्षं अशी गेली. तिची आई आता दुपारी निजायला लागली होती. मला एकदा म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळा लागतो हो. हे ऐकून मी मनातल्या मनात जरा फुगले, खोटं कशाला बोलू.

मग मोठ्या बाईंचा कोट आला.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. कडक बाई, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता. काळा लोकरी कोट त्यांनी काउंटरवर पसरला. आईचा कोट. आई जाऊन दोन महिने झाले होते. अस्तर पार चिंध्या झालं होतं, ते नवं घालायचं होतं आणि खांदे आत घ्यायचे होते. त्यांनी कोट उघडून आतला खिसा मला दाखवला. खिसा फाटला होता तो आईनं शेवटच्या आजारात स्वतः शिवला होता, हातानं. नजर गेलेली, म्हणून काळ्या अस्तरावर निळा दोरा. टाके वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे कुठून कुठे गेले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, सगळं अस्तर नवं घाला, पण एवढा खिसा तसाच कापून घ्या आणि नव्यावर लावा. या टाक्यांना धक्का लावू नका. आईच्या हातचं हेच शेवटचं आहे. मी म्हटलं, काळजीच सोडा.

मी ते लिहून ठेवलं नाही. मी कधीच लिहीत नाही. तीस वर्षं सगळ्या गावाची मापं माझ्या डोक्यात आहेत आणि त्याचा मला ताठा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट पुढ्यात घेतला तेव्हा फोन कान आणि खांद्यामध्ये धरलेला होता. पलीकडे मशीन दुरुस्त करणारा, जो तीन दिवस उद्या येतो म्हणत होता. त्याला शिव्या घालता घालता मी अस्तरावर खडू फिरवला. हात सवयीनं चालतो. गळा, कडा, बाह्यांची टोकं, आणि खिशाभोवतीही.

सव्वाअकराला काका चहा आणायला बाहेर गेले. दुकानात मी आणि मोजकी दोघीच. मशीनवाला परत फोनवर होता. मोजकी कोट घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. फोन चालू असताना ती सहसा येत नसे. म्हणाली, "बाई, खिशावर निळा दोरा आहे. हाताचा आहे. बाकी सगळी शिवण काळी आहे, मशीनची. काढू?"

मी तिच्या हातातल्या कोटाकडे बघितलंसुद्धा नाही. "रेघ आहे ना? मग काढ. दर गोष्टीला काय विचारत बसतेस."

ती गेली आणि तिनं ते टाके काढले. तिच्या पद्धतीनं, एकही टाका न तोडता. संध्याकाळी तिनं टेबल झाडलं, दोरे केरात गेले, केर गाडीत गेला. नवं अस्तर मी स्वतः घातलं, खिसाही नवा बसवला, आणि तरीही मला काही आठवलं नाही. त्या कोटाचं काम छान झालं होतं.

पाचव्या दिवशी मोठ्या बाई कोट न्यायला आल्या. काउंटरपाशी आणखी दोन बायका होत्या. मोठ्या बाईंनी कोट उघडला, हात आत घातला आणि तो आत फिरवत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मला सगळं आठवलं. त्यांचा बसलेला आवाज, मुंग्या, काळजीच सोडा. त्या आवाज न करता रडायला लागल्या. कोट दोन्ही हातांनी उघडून धरलेला आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. ज्या बाईला बघून पोरं रांगेत उभी राहतात, ती माझ्या काउंटरवर अशी रडत होती.

मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "उसवायचं काम आमची ती मुलगी करते. तिच्या लक्षात आलं नाही."

मोजकीनं कानांवरची झाकणं काढली. तिला आतून कसं ऐकू आलं कोण जाणे. ती वळली आणि नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं. मंगळवारी, सव्वाअकराला. मी म्हटलं, निळा दोरा आहे, काढू? तुम्ही म्हणालात, काढ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही वेळ गेली नव्हती. हो, विचारलं होतं, चूक माझी, एवढं म्हणायला कितीसा दम लागतो? पण तीस वर्षं माझ्या हातून चूक होत नाही अशी ख्याती, समोर रडणाऱ्या मोठ्या बाई, बाजूला कान टवकारून दोन गिऱ्हाइकं. जीभ रेटेना. किंवा रेटली, पण भलतीकडे.

"नाही विचारलंस," मी म्हटलं. "विचारलं असतंस तर मला आठवलं नसतं का? तू विसरलीस."

मोजकी कोणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. त्या दिवशी तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. तिथे काय लिहिलंय ते ती वाचायचा प्रयत्न करत होती, आणि तिला ते येत नव्हतं. मग ती म्हणाली, "बरं." आणि भिंतीकडे वळली.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की कोणालाही शंका आली नाही. एकीच्याही मनात आलं नाही की खरं ती बोलत असेल. मोठ्या बाईंनी डोळे पुसले, कोट घडी घालून छातीशी धरला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. तिला काय बोलणार, बिचारीला. तुम्ही तिला ठेवून घेतलंत हेच केवढं आहे." आणि मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मोजकी वेळेवर आली. मी तिला एका पँटीची शिवण उसवायला दिली, रेघ मारून. ती दहा मिनिटांनी उठून आली. "हा टाका काढू?" मी म्हटलं, काढ. ती बसली, परत उठून आली. "हा काढू?" मला वाटलं, फुगली आहे, चालू दे दोन दिवस. पण तिला फुगता येत नाही, हे मला अडीच वर्षांत कळायला हवं होतं. दुपारपर्यंत तिनं मला चाळीस वेळा तरी विचारलं. प्रत्येक टाक्याला, आणि काढ म्हटल्यावर पुन्हा एकदा, "तुम्ही आत्ता काढ म्हणालात ना?" संध्याकाळपर्यंत एका पायाची शिवण झाली. आधी ती दिवसाला आठ पँटी करायची.

काय झालं हे काकांना मी सांगितलं तेवढंच माहीत. त्यांचा जीव कळवळला आणि ते तिच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसं. पूर्वी तिनं त्यांना तोंडावर सांगितलं असतं की मला ऐकू येतं. आता नुसती मान हलवायची.

मी आठवडाभर मूग गिळून गप्प बसले. मनाशी म्हणायची, विसरेल. ज्या बाईला अडीच वर्षांपूर्वीच्या पँटीचा आखूड पाय आठवतो, ती विसरेल अशी माझी आशा.

मग तिची आई आली. दुपारची, जेव्हा ती निजलेली असायची. मोजकीला तिनं चहा घ्यायला काकांबरोबर पाठवलं आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. चढ चढून आल्यामुळे तिला दम लागला होता. ती सांगायला लागली. मुलगी रात्री झोपत नाही. नळ बंद केला का ते पाच वेळा जाऊन बघते. जेवून उठते आणि विचारते, मी जेवले का? कुलूप लावून दारातच उभी राहते. "बाई, ती लहान होती तेव्हापासून लोक तिला वेडी म्हणायचे. मी तिला एकच शिकवलं, की लोक हसले तरी हसू देत, तुला जे दिसतं ते खरं असतं. त्या एका गोष्टीवर ती उभी आहे. इथे काय झालं ते मला खरं सांगा."

मी सांगितलं. सगळं, मशीनवाल्याच्या फोनपासून. खालमानेनं सांगितलं, आणि वाटलं होतं की ती मला फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

ती कितीतरी वेळ हातातला रुमाल नीट करत बसली. मग म्हणाली, "तिनं घरी येऊन मला सांगितलं होतं. मी विचारलं होतं, आई. अगदी दिवस, वेळ, सगळं सांगितलं. मला ठाऊक आहे ती चुकीचं आठवत नाही. पण मला भीती वाटली, ही पुन्हा वाद घालेल, सहावी जागा जाईल, आणि आता माझ्याकडे वेळ नाही. म्हणून मी म्हटलं, असेल गं, विसरली असशील. बाई म्हणतात तर तसंच असेल." तिनं रुमाल डोळ्यांना लावला. "तुम्ही एकदा म्हणालात. मी आईनं म्हटलं."

आम्ही दोन म्हाताऱ्या एकमेकींसमोर बसून रडलो. तोवर काका आणि मोजकी चहा घेऊन आले. मोजकीनं चार कप टेबलावर ठेवले, आमच्याकडे पाहिलं, आणि आईला विचारलं, "चार सांगितले होते ना?"

त्याच संध्याकाळी मी मोठ्या बाईंच्या घरी गेले. दारातच सांगून टाकलं, आत जायचं धैर्य नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या, पण कोटावरून कमी रागावल्या. म्हणाल्या, "तुम्ही मला तिला बिचारी म्हणायला लावलंत. मी शाळा चालवते, आणि मी एका शब्दानंही तिला विचारलं नाही." मग म्हणाल्या, उद्या सकाळी मी दुकानात येते, माझ्यासमोर तिला सांगा.

सकाळी त्या आल्या. काकांना मी इस्त्री बंद करायला लावली. तिन्ही मशीन बंद होती, म्हणून मोजकीनं कानांवरची झाकणं काढून मांडीवर ठेवली. मी तिच्यासमोर उभी राहिले. मनात खूप काही जुळवलं होतं, पण तिच्याशी बोलताना मोजकंच बोलावं लागतं.

"मोजकी, तू विचारलं होतंस. मंगळवारी, सव्वाअकराला. मी काढ म्हणाले. मग मी खोटं बोलले. चूक माझी होती, तुझी नव्हती."

मोठ्या बाई म्हणाल्या की त्याही चुकल्या, आणि त्यांनी हात जोडले. काकांनी तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता ती बरं म्हणेल. देवाशपथ, त्या एका शब्दासाठी माझा जीव कानात आला होता.

मोजकी विचार करत होती. बोटांनी ती झाकणाच्या गादीवरची शिवण चाचपत होती.

"त्या दिवशी मोठ्या बाईंसमोर तुम्ही म्हणालात, नाही विचारलं," ती म्हणाली. "आज मोठ्या बाईंसमोर म्हणता, विचारलं. दोन्ही वेळा तुमचा आवाज सारखाच आहे."

"आजचं खरं आहे गं."

"त्या दिवशीचंही तुम्ही खरं म्हणूनच सांगितलं होतं." ती चिडलेली नव्हती. कपड्यातला एखादा घोळ मला समजावून सांगत असावी तशी बोलत होती. "मला चेहऱ्यावरून कळत नाही. मला विचारल्याचं आठवत होतं. मग तुम्ही म्हणालात मी विसरले, आईपण म्हणाली विसरले. दोघी म्हणाल्या म्हणजे मी विसरले असेन. मी रोज ते आठवून बघितलं. आता मला दोन्ही आठवतं. विचारलेलं पण आठवतं आणि न विचारलेलं पण आठवतं. त्यातलं कुठलं झालं ते मला माहीत नाही."

मी तिला फोनवर मशीनवाल्याला काय बोलले ते सांगितलं, ती कुठे उभी होती ते सांगितलं, कोट तिनं कोणत्या हातात धरला होता ते सांगितलं. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाली, "हे तुम्ही सांगताय." आणि खरंच, मीच सांगत होते.

त्यानंतर ती आणखी नऊ दिवस आली. मी सगळं कागदावर लिहून द्यायला लागले, तारीख घालून, खाली सही करून. मोजकी कागद वाचायची, कापडावर ब्लेड टेकवायची आणि तिचा हात तिथेच थांबायचा. एकदा मी दुपारभर तिच्या शेजारी बसून प्रत्येक टाक्याला काढ, काढ म्हणत राहिले. तिनं कॉलरचे अकरा टाके काढले आणि मग ब्लेड टेबलावर ठेवून दिलं. दहाव्या दिवशी ती आली नाही. तिच्या आईचा फोन आला, की राहू दे आता, घरीच राहू दे.

मी दर रविवारी जाते. आई बहुतेक पडून असते, आता दुपारी डोळा लागत नाही म्हणते. परवा तिनं मला दारापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगितलं, "काल विचारत होती, मी दुकानात चांगलं काम करायचे ना, ते खरं होतं का? मी म्हटलं, हो गं बाळा, खरं होतं. तर म्हणाली, तू म्हणतेस."

मी आत वळून पाहिलं. मोजकी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, हात मांडीवर, समोर काही नाही. तिच्यापुढे टाकायला माझ्याकडे ढीगभर उसवायचे कपडे पडून आहेत आणि मी ते अधू डोळ्यांनी फाडत बसते. मी परत आत गेले, तिच्यासमोर बसले आणि पुन्हा सांगितलं, विचारलं होतंस गं तू. तिनं मान हलवली, काकांपुढे हलवायची तशी.

त्या मंगळवारी सव्वाअकराला त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं विचारलं होतं. हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. आता मला एकटीलाच ठाऊक आहे.